बापाची सही : नांदेड ते मुळशी

नांदेडहून लातूरमार्गे पुण्यास व तेथून पुढे पनवेलीस जाणारी जी आगगाडी आहे, तिच्यात एखादी रात्र काढल्यावाचून आजचा मराठवाडा आपणांस समजला असे कोणी म्हणू नये. संध्याकाळी नांदेड सोडावे, पूर्णा-परभणी मागे टाकून गंगाखेडाजवळ गोदावरी ओलांडावी, परळीस वैजनाथाला डब्यातूनच हात जोडावेत, रात्री लातूर यावे आणि बार्शी-कुर्डुवाडी करीत पहाटे पुणे गाठावे, असा हा प्रवास आहे. लातूर ते कुर्डुवाडी हा तुकडा पूर्वी बार्शी लाइट रेल्वेचा होता. १९११ साली ती चिमुकली गाडी लातुरास पोहोचली तेव्हा या भागातील धान्य व कापूस बाहेर नेणे हे तिचे मुख्य काम होते. रूळ आता रुंद झाले आहेत. २०१६ च्या एप्रिलात लातुराचे पाणी आटले तेव्हा मिरजेहून पाणी भरलेल्या वाघिणी याच मार्गाने आल्या. एरवी मात्र येथून जे बाहेर जाते ते धान्यापेक्षा मनुष्यबळच अधिक.

डब्यातील उतारू थोड्या निरीक्षणाने तीन प्रकारचे दिसतात. पहिला प्रकार मुलाला अथवा मुलीला लातुरास शिकवणीच्या वर्गात पोचविण्यास निघालेल्या आईबापांचा. त्यांच्याजवळ गादीची वळकटी, चिवड्याचा डबा आणि प्लास्टिकची बादली हटकून असते. दुसरा प्रकार पाठीवर संगणकाची पिशवी लावून पुण्याच्या नोकरीवर परतणाऱ्या तरुणांचा. तिसरा प्रकार लक्षात यावयास वेळ लागतो. पन्नाशीच्या पुढचे, उन्हाने रापलेले, एका पिशवीत दोन जोड कपडे घेतलेले असे हे गृहस्थ पुण्यातील एखाद्या इमारतीच्या दारावर पहारेकऱ्याचे काम करावयास निघालेले असतात. हे तिघेही एकाच डब्यात बसून एकाच ठिकाणी जात असतात, आणि त्या ठिकाणी चौथा एक मनुष्य त्यांच्या आधीपासून उभा असतो. त्या चौथ्या मनुष्याची व त्याच्या मुलाची कथा २०१८ साली मराठी चित्रपटाच्या पडद्यावर आली. ‘मुळशी पॅटर्न’ हे तिचे नाव. या लेखात त्या कथेच्या भूमीपर्यंत जावयाचे आहे. परंतु तेथे जाण्याचा खरा रस्ता नांदेड-लातुरावरून जातो, म्हणून प्रारंभ येथूनच केला पाहिजे.

पित्याने पुत्राच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न नांदेड या गावास अपरिचित नाही. येथल्या गोदातीरावर १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला. त्यांच्या वडिलांचा दिल्लीत शिरच्छेद झाला होता आणि चारही पुत्र त्यांच्या हयातीतच मृत्युमुखी पडले होते. दोन रणांगणावर व दोन अगदी कोवळ्या वयात सरहिंदच्या सुभेदाराच्या हातून. वारसा सांगण्यास मुलगा उरलेला नसलेल्या या पित्याने गुरुपद कोणा व्यक्तीस न देता ग्रंथाच्या ठायी स्थापन केले, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. सचखंड हुजूर साहिबच्या सोपानावर बसलेल्या यात्रेकरूंच्या मुद्रा पाहिल्या म्हणजे हा वारसा तीनशे वर्षांनंतरही झिजलेला नाही, हे समजते.

आपल्या घरांतून या प्रश्नाचे उत्तर निराळ्या मार्गाने मिळाले. मराठवाड्यातील पुष्कळ ब्राह्मण घराण्यांकडे निजामाच्या राज्यात इनामे, वतने व कुळांकडून कसवून घेतलेल्या जमिनी होत्या. १९४८ साली राज्य पालटले, १९५० साली हैदराबाद कुळकायदा झाला आणि पुढे दहा-पंधरा वर्षांत त्या जमिनींचा मोठा भाग कसणाऱ्यांकडे गेला. ते न्याय्यच झाले. परंतु त्या वेळच्या आजोबांना ते तसे वाटले नाही, आणि जुन्या वाड्यांच्या ओसरीवर त्या जमिनींच्या चतुःसीमा कित्येक वर्षे मुखोद्गत होत्या. मात्र जमीन गेली तरी मुले उघड्यावर पडली नाहीत, कारण त्यांच्या हाती पाटी-पुस्तक आधीच आलेले होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, तेथे पुढे नरहर कुरुंदकरांसारखे अध्यापक लाभले, आणि जमिनीवाचूनही घर उभे राहते, असा अनुभव एका पिढीला आला. हा अनुभव शेतकरी समाजाने दुरून पाहिला व मनाशी बांधला. लातूर पॅटर्नच्या यशामागे शिक्षकांच्या कष्टांइतकीच ही बांधलेली गाठही आहे.

लातूर हे मूळचे आडतीचे गाव. गंजगोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात असे लातूरकर अभिमानाने सांगतात, आणि तुरीचा भाव अजूनही त्या गावाकडे पाहून ठरतो. तेथे १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय स्थापन झाले. प्राचार्य जनार्दन वाघमारे व त्यांचे सहकारी यांनी पुढे जी पद्धती रुळविली तिच्यात अद्भुत असे काही नव्हते: हुशार मुले निवडावीत, नियमित अभ्यासक्रम लवकर संपवावा, सुट्या विसराव्यात, पुन्हा पुन्हा सराव-परीक्षा घ्याव्यात आणि प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून मुलाला त्याची चूक दाखवावी. पुण्या-मुंबईची मिरासदारी समजल्या जाणाऱ्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे येऊ लागली, तसे सारा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागला. ‘पॅटर्न’ हा इंग्रजी शब्द मराठी खेड्याच्या तोंडी बसविला तो लातुरानेच. हेच वाघमारे १९९४ साली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आता तर वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांत नांदेडही लातुराच्या खांद्याला खांदा लावून उभे आहे.

कोरडवाहू जमिनीच्या बापाने या पद्धतीत आपल्या मुलाची सुटका पाहिली. दोन वर्षांची शिकवणी, खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके हा खर्च सोयाबीनच्या एका हंगामातून निघत नाही. मग एखादी म्हैस विकली जाते, सोसायटीचे कर्ज दुसऱ्या कारणासाठी काढून इकडे वळविले जाते आणि शेवटी रस्त्याकडेचा एकर-दीड एकराचा तुकडा जातो. मुलगा उत्तीर्ण झाला तर त्या तुकड्याचे कोणी नाव काढीत नाही. न झाला तर त्या घरात पुढे कित्येक वर्षे कोणी कोणाशी धड बोलत नाही.

जेथे इतक्या बापांचा पैसा एकवटतो तेथे गुन्हाही वास्तव्यास येतो. २०१८ च्या जून महिन्यात लातुरात एका शिकवणीवर्गाच्या चालकाचा मध्यरात्री गोळ्या झाडून खून झाला. धंद्यातील चुरशीतून तो घडविला गेला, असा पोलिसांचा आरोप होता. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गैरव्यवहाराच्या तपासात लातूरमधील शिक्षकांना अटक झाली. ज्या गावाने कष्टाने गुण मिळवून दाखविले, त्याच गावात ते विकत मिळतील अशी आशा पालकांस दाखविली गेल्याचा तो आरोप होता. हे सांगण्याचे कारण लातुराची निंदा करणे हे नव्हे. तेथील सहस्रावधी मुले आजही प्रामाणिकपणे झिजत आहेत. परंतु ‘मुळशी पॅटर्न’ पाहून, गुन्हेगारी ही पुण्यापलीकडच्या कोणा मावळ्यांची गोष्ट आहे, असा समाधानाचा सुस्कारा आपण टाकू लागलो, तर लातुरातील तो खून चित्रपटाच्या अवघा पाच महिने आधीचा आहे, हे ध्यानात असावे.

हा चित्रपट २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. लेखक-दिग्दर्शक प्रवीण तरडे हे मूळचे मुळशी तालुक्यातील. कथा थोडक्यात अशी. मुळशीतील एक खातेदार पाटील आपली जमीन विकतो. पैसा येतो तसा जातो, आणि एके काळचा मालक आपल्याच जमिनीवर पहारेकरी म्हणून उभा राहतो. तेथेही मानहानी होऊन कुटुंब पुण्यात येते व बाप मार्केट यार्डात हमाली करू लागतो. मुलगा राहुल हे सारे पाहत वाढतो. एका मारामारीतून तुरुंगात, तुरुंगातून टोळीत आणि टोळीतून टोळीच्या गादीवर जातो. बापाची भूमिका मोहन जोशी यांची, मुलाची ओम भुतकर यांची, आणि त्याच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी उपेंद्र लिमये यांनी रंगविला आहे. शेवट येथे सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो स्वतःच पाहावा. २०२१ साली महेश मांजरेकर यांनी ‘अंतिम’ या नावाने हीच कथा हिंदीत आणली.

बाप, मुलगा आणि गुन्हा हे त्रिकूट आपल्या चित्रपटसृष्टीस नवे नाही. ‘आवारा’ (१९५१) मध्ये बाप न्यायाधीश होता; ‘शक्ती’ (१९८२) मध्ये तो पोलीस अधिकारी होता. त्या दोन्ही ठिकाणी बाप कायद्याच्या उंबरठ्याच्या आत व मुलगा बाहेर, आणि प्रेक्षकाने दोघांमध्ये निवड करावी, अशी मांडणी होती. मुळशीचा बाप ना न्यायासनावर बसतो, ना अंगावर गणवेश चढवितो. त्याने कोणाचा खून केलेला नाही, चोरी केलेली नाही. त्याने एका कागदावर सही केली आहे, एवढेच. ती सही कायदेशीर होती, तिच्यावर मुद्रांक होता, साक्षीदार होते. चित्रपटातील सारे रक्त त्या निर्दोष कागदातून पाझरत येते, आणि हीच या कथेची खरी शक्ती आहे.

एक दोषही स्पष्ट सांगितला पाहिजे. मुलाच्या उदयाचा भाग इतका ढोलताशांच्या गजरात रंगविला आहे, की मिरवणुकांतून नाचणाऱ्या तरुणांच्या मनात तो गजर राहिला आणि हमालाच्या पाठीवरचे पोते विसरले गेले. तथापि कथा काल्पनिक असली तरी तिचे द्रव्य काल्पनिक नाही. २०२४ च्या जानेवारीत मुळशीतून आलेला एक नामांकित गुंड कोथरूडमध्ये भरदिवसा मारला गेला आणि त्याच्याच सोबत वावरणारे त्या प्रकरणी पकडले गेले. आपल्या सभ्य वस्तीच्या गल्लीत ते घडले.

पुण्यास उतरून पश्चिमेकडे गेले म्हणजे हिंजवडी लागते. ही जागा पिंपरी-चिंचवडच्या इतकी लगत आहे की ती मुळशी तालुक्यात मोडते याचा तेथे राहणाऱ्यांनाही पत्ता नसतो. एकोणिसशे नव्वदच्या दशकाअखेर औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी, माण या गावांच्या जमिनी घेऊन संगणक उद्योगासाठी राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसविले. नांदेड-लातूरचा अभियंता झालेला मुलगा बहुधा येथेच येतो. वीस-वीस मजल्यांच्या इमारतींत तो प्रथम मित्रांसोबत भाड्याने राहतो, मग लग्न ठरण्यापूर्वी सदनिका घेण्याचा विषय निघतो, आणि तिच्या पहिल्या हप्त्यासाठी गावाकडील उरलासुरला तुकडा अथवा जुन्या वाड्यातील हिस्सा विकण्यास वडील संमती देतात. येथे लातूरचा कागद मुळशीच्या कागदाला जोडला जातो. एका बापाने विकलेल्या जमिनीचे पैसे, दुसऱ्या बापाने विकलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या चार भिंतींत जिरतात. दारावरचा पहारेकरी कधी याच शिवारातला असतो, कधी औसा-निलंग्याकडचा. दोघांनाही आपण ‘काका’ म्हणतो, आणि दोघांचेही नाव आपणांस ठाऊक नसते.

खरे मुळशी पाहावयाचे तर चांदणी चौकातून पौडचा रस्ता धरावा. भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. मंगल कार्यालये, कुंपणाच्या भिंती, ‘बंगला प्लॉट’चे फलक आणि त्यांच्या फटींतून मधूनच एखादे भाताचे खाचर दिसते. आपल्या स्वयंपाकघरात मेतकुटाबरोबर ज्या आंबेमोहोराचा सुवास दरवळत असे, तो या मावळी खाचरांतला. पौडच्या अलीकडे चहाच्या टपरीवर मी टेकलो, तेव्हा बाकावर बसलेल्या एका वृद्धाने विचारले, “काय पाव्हणं, पलाट बघाया आलाय जनू?” मी नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. या रस्त्याने उगाच कोणी येत नाही, असे त्याचे मत होते.

“बाबा, तुमची जमीन आहे का अजून?” मी विचारले.

“व्हती. म्या न्हाईच म्हनत व्हतो. पर आजूबाजूच्यांनी इकली, घेनाऱ्यानं कुंपान घातलं अन् आमची वाट त्यात गेली. वाटच न्हाई म्हटल्यावर वावरात बैल काय डोक्यावं घेऊन जायाचं?”

या एका वाक्यात जमीनविक्रीचे अर्धे शास्त्र आहे. शहरातील लोकांची समजूत अशी असते, की शेतकरी पैशाला भुलला. भुललेही पुष्कळ, परंतु विक्रीची गती अशी असते की न भुललेल्यासही उभे राहता येऊ नये. प्रथम गावातलाच एक मध्यस्थ तयार होतो. तो थोडा विसार देऊन साठेखत करून घेतो, सोबत कुलमुखत्यारपत्रही घेतो. भाव वाढला की मधला फायदा त्याचा होतो. मूळ मालकाला पहिला आकडा मिळतो. बहिणींची हक्कसोडपत्रे चहा-पोह्यांवर होतात. चार भावांपैकी एकाने हिस्सा विकला की बाहेरचा मनुष्य सातबारावर येतो आणि मग उरलेल्या तिघांना कोर्टकचेरीची भीती घालणे सोपे जाते. वाट जाते, पाण्याचा पाट बुजतो. एवढे झाल्यावर जी सही होते तिला ‘स्वखुशी’ असे कागदावर लिहिलेले असते. आणि ती घडवून आणण्यासाठी दमदाटी करणारी जी तरुण मंडळी लागतात, ती आधी विकून रिकाम्या झालेल्या घरांतूनच मिळतात. चित्रपटातील राहुलचा धंदा याच जागी उभा राहतो. ज्या घावाने त्याचे घर मोडले, तोच घाव तो दुसऱ्या बापांवर घालीत सुटतो.

हिंदू कायद्याचे ज्ञान असणाऱ्या वाचकांस येथे मिताक्षरेचे स्मरण होईल. आजोबापणजोबांकडून आलेल्या मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, बाप हा तिचा एकटा धनी नव्हे, कुटुंबाच्या खऱ्या गरजेवाचून ती त्याने परहस्ते करू नये, असा तिचा दंडक. हा ग्रंथ रचणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास होता, आणि ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर-धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, कर्नाटकात आहे. नऊशे वर्षांपूर्वी आमच्याच परिसरात बसून एका पंडिताने सांगून ठेवले, की बापाच्या सहीत मुलाचा वाटा असतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीसही तोच जन्मसिद्ध हक्क मिळाला. असे असता प्रत्यक्षात काय होते? मुलगा अज्ञान असतो, मुलगी सासरी असते, आणि ‘कुटुंबाची गरज’ हे शब्द लेखनिक आपणहून घालून टाकतो. राहुलचा बापावरील राग आपणांस उद्धट वाटतो. परंतु शास्त्राच्या दृष्टीने पाहता, माझे होते ते मला न विचारता का दिले, असे विचारण्याचा अधिकार त्याला आहे. सुरा उचलण्याचा अधिकार मात्र कोणत्याही स्मृतीने त्याला दिलेला नाही.

पौड ओलांडून पुढे गेले म्हणजे डोंगरांच्या कुशीत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. पावसाळ्यात ताम्हिणीकडे जाणाऱ्या सहलींच्या मोटारी येथे थांबतात, कणसे खातात, छायाचित्रे काढतात. या पाण्याखाली गावे, देवळे आणि भाताची खाचरे आहेत. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळेच्या संगमावर धरण बांधण्याचे ठरविले. पाणी सह्याद्रीतून कोकणात भिऱ्याला उतरवून त्यावर वीज निर्माण करावयाची, अशी ती योजना होती. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. तीन वर्षे लढा चालला, बायाबापड्या तुरुंगात गेल्या, बापटांना दीर्घ कारावास झाला, आणि धरण झालेच.

हा इतिहास आपल्या घरांतून अभिमानाने सांगितला जातो, पण अर्धाच. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो साक्षेपी अभ्यास केला आहे, त्यातून दुसरी बाजू पुढे येते. बुडणाऱ्या जमिनींपैकी मोठा भाग पुण्याच्या सावकार-जमीनदारांच्या ताब्यात होता आणि त्यांत ब्राह्मणच बहुसंख्य होते. मावळ्यास जमीन हवी होती, सावकारास मोबदला. मोबदला चांगला मिळेल असे दिसताच सावकारांचा उत्साह ओसरला आणि लढ्याला तडा गेला. एका बाजूस पारनेरचा एक ब्राह्मण मावळ्यांसाठी तुरुंगात जात होता, दुसऱ्या बाजूस त्याचेच जातभाई नुकसानभरपाईचा हिशेब करीत होते. दोघेही आपलेच पूर्वज आहेत. पुण्याचा सेनापती बापट रस्ता आज मोठमोठ्या कचेऱ्यांनी भरलेला आहे, आणि मुंबईत त्यांच्या नावाचा जो मार्ग आहे, तो लोअर परळच्या ज्या गिरण्यांजवळून जातो त्यांच्या जागी आता बाजार आणि मनोरे उभे आहेत. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली त्या राहिल्या नाहीत. पाणी मात्र अजून तेथेच आहे.

मग जमीन शहराच्या वाटेत आली तर बापाने काय करावे? ती छातीशी धरून बसणे शक्य नसते, हे टपरीवरील वृद्धाने सांगितलेच. याचे एक उत्तर पुण्याच्या दुसऱ्या टोकास मिळते, आणि योगायोग असा, की त्या ठिकाणाचेही नाव नांदेडच आहे. सिंहगड रस्त्यावर मुठेच्या काठी नांदेड नावाचे एक जुने खेडे आहे. हडपसरच्या मगर मंडळींनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने आपल्या सुमारे चारशे एकर जमिनी एकत्र करून, त्या कोणास न विकता, स्वतःच कंपनी काढून मगरपट्टा वसविला होता. प्रत्येकाला जमिनीच्या प्रमाणात भाग मिळाले. तोच धडा पुढे या नांदेडच्या शेतकऱ्यांनी गिरविला आणि सुमारे सातशे एकरांवर ‘नांदेड सिटी’ उभी राहिली. येथे शेतकरी जमिनीचा विक्रेता न राहता उद्योगाचा भागीदार झाला. ही व्यवस्था सर्वांसच साधेल असे नाही. तिला एकोपा, हिशेबाची स्वच्छता व धीर लागतो, आणि जमीन एकलग असावी लागते. शेती तेथेही गेलीच. परंतु बापाने मुलाच्या हाती नोटांचे पुडके न देता चालता धंदा दिला. आमच्या गोदाकाठच्या नांदेडहून पुण्यास गेलेल्या मंडळींनी ‘नांदेड सिटी’ची पाटी पाहून गंमत म्हणून हसण्यापेक्षा आत जाऊन एवढे समजून घ्यावे.

या साऱ्यावरून जे तात्पर्य निघते ते मला असे वाटते. पैसा हा वारसा होऊ शकत नाही, कारण त्याच्याबरोबर तो सांभाळण्याचे काम येत नाही. जमिनीबरोबर नांगर येतो, ग्रंथाबरोबर पठण येते, विद्येबरोबर अभ्यास येतो, धंद्याबरोबर हिशेब येतो. मुळशीच्या बापाने मुलाच्या हातातले काम विकले आणि बदल्यात जे आणले त्यात काम नव्हते. म्हणून ते रिकामे हात दुसऱ्या कामाला लागले. लातूरच्या बापाने तुकडा विकून मुलाला अभ्यास दिला, म्हणून पुष्कळांचे निभावले. पण जेथे अभ्यासाऐवजी नुसते गुण विकत घेण्याची बुद्धी झाली, तेथे लातूरचे मुळशी व्हावयास विलंब लागला नाही.

आपल्या एकत्र कुटुंबांतून अजूनही कोठे गावाकडचे चार एकर असतील, कोठे गोदाकाठचा पडका वाडा असेल, आणि त्याचे खरेदीखत करण्याचा विषय येत्या दिवाळीत निघणारही असेल. विकू नये, असे मी म्हणत नाही. परंतु सही करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी मुलगे, मुली, सुना, नातवंडे या सर्वांस एकदा त्या जागी न्यावे, बांध कोठून कोठवर होता ते पायाने चालून दाखवावे, ती आपल्याकडे कशी आली व तिच्यावर कोण राबत होते हे लपवाछपवी न करता सांगावे, आणि येणाऱ्या पैशातून घरात कोणते काम उभे राहणार आहे हे सर्वांच्या देखत ठरवावे. मुलींची हक्कसोड गृहीत धरू नये. आणि तो पैसा हिंजवडीच्या सदनिकेत घालावयाचा असेल, तर ती इमारत ज्या गावाच्या शिवारात आहे त्या गावाचे नाव व दारावर उभ्या असलेल्या काकांचे नाव, ही दोन नावे घरभरणीच्या दिवशी मुलाने विचारून घ्यावीत. त्यांना पंगतीस बसवावे, आणि पानात आंबेमोहोराचा भात वाढावा.